तोंडी राहिलेला इतिहास



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा पाककृती आणि भरतकामाबरोबर एखादा इतिहासाचा लेखही असावा असे बैठकीत ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाचनाची आवड मात्र पहिल्यापासून आहे. वाचनालयातून आणलेली पुस्तके आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे. अधिक शिकलेल्या भगिनींनी सांभाळून घ्यावे.

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. शाळेच्या पुस्तकात वरोरचे नाव नसते, म्हणून आपल्या गावाला इतिहासच नाही असे पुष्कळांना वाटते. पण ज्या गावाचा इतिहास लिहिलेला नसतो, त्या गावाचा इतिहास कोणाच्या तरी तोंडी असतो. तो सांगणारी माणसे आपल्याच ओटीवर बसलेली असतात. प्रश्न एवढाच असतो की त्यांना कोणी विचारते की नाही. आजचा माझा विषय हाच आहे.

आमच्या आजेसासूबाईंना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. रेशनकार्डावर कोणीतरी अंदाजाने वय घातले होते. पण त्या सांगत, “मानमोडीत माझा थोरला भाऊ गेला, आणि त्याच्या पुढल्या पावसाळ्यात मी झाले.” मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. पहिले महायुद्ध संपत आले असता ती मुंबई बंदरात उतरली आणि पुढे देशभर पसरून लक्षावधी माणसे घेऊन गेली. म्हणजे आजेसासूबाई १९१९ च्या पावसाळ्यातल्या. कार्डावरच्या वयात आणि या हिशेबात चांगली आठ वर्षांची तफावत होती. लिहिलेला आकडा अंदाजाचा, आणि न शिकलेल्या बाईने सांगितलेली खूण अचूक! तेव्हापासून मला वाटते की तोंडी सांगणे म्हणजे सगळे सांगोवांगी, असे म्हणून ते बाजूला सारू नये.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी तर रोजचे शास्त्रही तोंडीच ठेवले आहे. भरती केव्हा येईल हे आजही आपल्याकडे जुनी माणसे तिथीवरून सांगतात. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे, म्हणजे भरतीचा तास साधारण येतो. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. उधाण कधी, भांग कधी, हे ज्यांनी कधी पाटी हाती धरली नाही त्यांच्याही जिभेवर असते. बापाने मुलाला होडीत सांगितले, आईने मुलीला ओहोटीला खडकांवर कालवे काढताना सांगितले, असे ते आपल्यापर्यंत आले.

कोणी म्हणेल, हे घरगुती झाले, याला इतिहास कसे म्हणावे? त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आपल्या मराठी भाषेतला आद्य गद्यग्रंथच मुळी विचारून विचारून लिहिलेला आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी भक्तांच्या मनात होत्या, कागदावर नव्हत्या. म्हाइंभट नावाच्या शिष्याने ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून त्या आठवणी ऐकल्या, नागदेवाचार्यांना विचारून पारखून घेतल्या आणि १२७८ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे त्या लिहून काढल्या. तोच ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ. स्वामी काय बोलले, कोणाच्या घरी जेवले, कोण रुसले, कोण हसले, हे सगळे त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीची मराठी माणसे कशी बोलत होती हे आपल्याला त्यातून कळते.

याची पुढची गोष्ट आम्हा बायकांना विशेष अभिमानाची आहे. दिल्लीच्या फौजा देवगिरीवर चालून आल्या त्या धामधुमीत या ग्रंथाची मूळ प्रत नाहीशी झाली. मग ज्यांना तो पाठ होता त्यांनी आठवून तो पुन्हा लिहवून घेतला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आजही आहेत, आणि त्यांतला एक हिराइसा नावाच्या बाईचा आहे. लिहिलेले हरवले आणि बाईच्या स्मरणातले टिकले, असा हा प्रकार. त्याच पंथातली महदंबा हिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखतो. ती स्वामींना सारखे प्रश्न विचारत असे म्हणून प्रसिद्ध आहे. सांगणाऱ्याइतकाच विचारणाराही महत्त्वाचा, हे तिच्यावरून ध्यानात येते.

महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या वेळी जी गीते रचली त्यांना ‘धवळे’ म्हणतात. हा शब्द वाचला आणि मी थांबले, कारण तो आपल्या डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत आजही जिवंत आहे. आपल्या वारली भगिनींच्या लग्नात ‘धवलेरी’ लागते. ती बाईच असते. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात, आणि धवलेरी गाणे म्हणते तेव्हा लग्न लागते. तिच्या हातात पोथी नसते. सगळा विधी, सगळ्या देवांची नावे, पूर्वजांच्या कथा तिला तोंडपाठ असतात. धान्याची देवता कणसरी हिची कथाही अशीच गाण्यातून चालत आली आहे. कुठे ऋद्धपूर आणि कुठे आपला डहाणू! पण लग्नाच्या गाण्याला धवळा म्हणावे आणि ते बाईच्या तोंडी असावे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

वारली लोकांच्या भाषेला स्वतःची लिपी नाही. म्हणून त्यांचा इतिहास नाही असे मात्र नव्हे. आपल्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ती चित्रे कागदावर आणि कापडावर उतरवली, ती परदेशापर्यंत गेली, आणि २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांत माणसे, बैल, तारपा वाजवणारा आणि भोवती फेर धरलेले नाचणारे दिसतात. ज्याला त्या कथा ऐकून माहीत आहेत त्याला ते चित्र वाचता येते. ज्याने ऐकल्या नाहीत त्याला ती केवळ नक्षी वाटते.

आता एक कठीण गोष्ट सांगते. लिहिणे येणाऱ्याच्या हातात कागद असतो, आणि कागद ज्याच्या हातात त्याचेच म्हणणे खरे ठरत आले आहे. आपल्या भागात स्वातंत्र्यापूर्वी हे पुष्कळ घडले. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावे, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. वहीत काय लिहिले आहे हे त्या बिचाऱ्याला वाचता येत नसे. अंगठा त्याचा आणि अक्षर सावकाराचे! २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगड्याची पद्धत मोडण्याचा निश्चय झाला. त्या चळवळीत गोदावरी परुळेकर होत्या. त्या शहरातल्या, शिकलेल्या. पण पाड्यापाड्यांतून हिंडल्या, झोपडीत बसल्या, आणि वारली स्त्रीपुरुष काय सांगतात ते त्यांनी ऐकून घेतले. पुढे त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले. ते १९७० साली निघाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. सावकारांच्या चोपड्या वाळवीने खाल्ल्या असतील, पण ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे म्हणणे त्या पुस्तकामुळे राहिले.

त्याच चळवळीतील एक दिवस तोंडी बातमीची दुसरी बाजूही दाखवतो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. गोदावरीबाईंनी बोलावले आहे, असा खोटा निरोप तोंडोतोंडी पसरवण्यात आला होता. जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड व त्यांच्यासोबत आणखी चार जण बळी पडले. तलासरी भागात दर वर्षी त्या हुतात्म्यांचे स्मरण करतात. ज्या वाटेने खोटा निरोप गेला, त्याच वाटेने पुढे त्या हुतात्म्यांची नावेही घरोघर गेली. म्हणून ऐकलेले सारे खरे मानू नये आणि सारे खोटेही मानू नये. कोणी सांगितले, त्याने पाहिले की ऐकले, आणि दुसरा काय म्हणतो, हे पारखावे. आपण बाजारात पापलेट घेतानासुद्धा कानशील उघडून पाहतो, मग इतिहास घेताना का पाहू नये?

याच संबंधात आपल्या शेजारच्या पारशी समाजाची हकीकत मननीय आहे. बोर्डी-घोलवडकडे त्यांच्या वाड्या आहेत, उदवाड्याला त्यांचा पवित्र अग्नी आहे. ते लोक इराणातून येऊन संजाण बंदरावर उतरले ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. संजाण आज गुजरातेत उंबरगाव तालुक्यात आहे, आपल्या सीमेला लागून. ही कथा ‘किस्से-संजाण’ नावाच्या फारसी काव्यात आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी ते १५९९ च्या सुमारास लिहिले, आणि एका वृद्ध विद्वान दस्तुराच्या तोंडून आपण हे ऐकले असे त्यांनी स्वतःच त्यात सांगितले आहे. पारशी नेमके कोणत्या साली आले याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण काही झाले तरी सहाशे वर्षांहून अधिक काळ ती हकीकत बापाकडून मुलाकडे तोंडीच आली होती. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी घेऊन ते लोक बारा वर्षे बाहरोटच्या डोंगरात लपून राहिले, हेही त्यात आहे. तो डोंगर आपल्याच डहाणू तालुक्यात आहे. तिथे लेणी आहेत आणि पारशी भाविक आजही तिथे जातात.

मौज अशी की सर्वांना पाठ असलेली दुधात साखरेची गोष्ट त्या काव्यात नाहीच. राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला आणि पारशांच्या पुढाऱ्याने त्यात साखर विरघळवून तो परत केला, ही गोष्ट लोकांनी निराळी जपली. ती तशी घडली की नाही हे कोणी सांगू शकणार नाही. पण शेजाऱ्यांत आपण कसे राहावे असे त्या समाजाला वाटत होते, ते तिच्यातून कळते. तोंडी इतिहासात घडलेले असते आणि माणसांना जपून ठेवावेसे वाटलेलेही असते. दोन्ही ओळखून घेतले म्हणजे झाले.

आणि जे कोणाला सांगावेसे वाटले नाही त्याचे काय होते? तेही आपल्या शेजारीच पाहायला मिळते. १९५५ साली चिंचणी येथे जमिनीत ताम्रपट सापडले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी हा संजाण प्रांत राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा एक अरब अधिकारी सांभाळत होता. मधुमती हे महंमद या नावाचेच संस्कृत रूप. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट नाव ठेवली होती आणि अन्नछत्र घातले होते. तिथे भात, तोंडीलावणे आणि तूप मिळे. वरोरच्या इतक्या जवळची ही गोष्ट, पण ती आपल्याकडे ना गाण्यात आहे, ना कहाणीत. हजार वर्षे ती तांब्यावर लिहिलेली जमिनीखाली पडून होती आणि वर आपण नांगर चालवत होतो. तिकडे लीळाचरित्राची प्रत गेली आणि आठवणीने ते वाचले. इकडे आठवण गेली आणि ताम्रपटाने ती वाचवली. दोन्ही असावे, हाच यातला बोध.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या आया-आज्या जात्यावर ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, दुष्काळ, साथी, गांधीबाबा, आंबेडकर, सगळे त्या ओव्यांत आले आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि हाताबरोबर तोंडही थांबले. सानेगुरुजींनी स्वातंत्र्यापूर्वीच घरोघरच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे खेडोपाडीची गाणी जमवली. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी गावोगावच्या बायकांना विचारून लाखाच्या वर ओव्या टिपून घेतल्या. लेवा गणबोलीत गाणी रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी तर निरक्षरच होत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ऐकता ऐकता ती उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती छापली गेली. घरातल्या कोणी कागद-पेन्सिल उचलली नसती, तर एवढी मोठी कवयित्री महाराष्ट्राला ठाऊकही झाली नसती. अशा आणखी किती जणी कोणी उतरवून न घेता गेल्या असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो.

हे सगळे आजच का सांगते, असे कोणी विचारील. कारण आपला किनारा आता बदलणार आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली, हे आपल्या डोळ्यांदेखत झाले. माणसांना दुसरीकडे घरे मिळाली. पण पाणवठा, देऊळ, होड्या लावायची जागा, वाटेतले झाड, यांना दुसरी जागा देता येत नाही. ती आता तिथल्या माणसांच्या बोलण्यात तेवढी आहेत, आणि ती माणसे म्हातारी होत आहेत. आता शेजारच्या वाढवण येथे मोठे बंदर व्हायचे आहे. १९९८ साली पर्यावरण प्राधिकरणाने पहिला प्रस्ताव नाकारला होता. पुढे जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने नव्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, यावर आपल्या घराघरांत मते आहेत. तो वाद या लेखात मी आणत नाही. पण हवे म्हणणारीला आणि नको म्हणणारीला एक गोष्ट सारखीच लागू आहे. समुद्रातल्या ज्या खडकांना आपल्या मांगेला बंधूंनी नावे ठेवली, ज्या जागी अमका मासा मिळतो असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, ज्या शेतांना आणि विहिरींना आपण नावाने ओळखतो, ती नावे सरकारी नकाशात नाहीत. नकाशात गट नंबर असतो. उद्या ती जागा राहो वा न राहो, तिचे नाव सांगणारी शेवटची बाई गेली की ते नाव गेलेच.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. आपण एक जाड वही करावी. दर महिन्याला दोघीतिघींनी मिळून एका वृद्ध स्त्रीकडे किंवा पुरुषाकडे जावे आणि विचारावे. आधी त्यांची परवानगी घ्यावी. कोणाच्या घरचे उणे कागदावर येऊ नये. काय विचारावे? तुमच्या लहानपणी गावात विहिरी किती होत्या आणि त्यांची नावे काय? लग्नात कोणती गाणी म्हणत? तुम्हाला आठवणारे सर्वांत मोठे वादळ कोणते? वसईच्या बाजाराला मासळी कशी जाई? आजीकडून ऐकलेली सर्वांत जुनी गोष्ट कोणती? उत्तर त्यांच्याच बोलीत लिहावे. मांगेली असो, वाडवळी असो की वारली, शाळेच्या भाषेत त्याची दुरुस्ती करू नये, कारण बोली हाही इतिहासच आहे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे लिहावे. दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितले तर दोन्ही लिहावे, भांडण लावून एक खोडू नये. लीळाचरित्रातही मतभेद तसेच नोंदलेले आहेत, मग आपल्याला लाज कसली? मुलांनी मोबाईलवर आवाज टिपून घ्यावा. त्यातून बोलण्याचा हेलही राहतो. पण मोबाईल बिघडतो, बदलतो, म्हणून वही हवीच.

आणखी एक. ही वही केवळ किनाऱ्यावरच्या घरांची नसावी. पाड्यांवरच्या वारली भगिनींनाही त्यात आग्रहाने बोलवावे. आपल्या वाडीत त्यांचे हात वर्षानुवर्षे राबले आहेत. त्यांच्या आठवणीत आपल्या घरांची दुसरी बाजू असेल. ती ऐकून घेण्याची तयारी ठेवली, तरच या वहीला गावाची वही म्हणता येईल.

गावात ऐंशीच्या पुढच्या आज्या आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. तेव्हा आधी त्यांच्याकडे जाऊ. पावसाळ्यात होड्या बंदरावर असतात, घरातल्या बायकांनाही जरा उसंत असते. तो काळ या कामाला उत्तम. वहीला पुठ्ठा घालून तिच्यावर गावाचे नाव लिहून ठेवण्याचे काम मी पत्करले आहे. पहिल्या घरी माझ्याबरोबर कोण येणार, ते भगिनींनी पुढच्या बैठकीत सांगावे.